शहर सोडून साताऱ्याला जावं का? चौथीच्या वर्गात घेतलेला एक पाठ



फेब्रुवारी महिन्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीत एक पालक वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. हातात हेल्मेट, कंपनीचा गणवेश तसाच अंगावर. म्हणाले, "मॅडम, जरा बोलायचं होतं. एप्रिलनंतर पोराचा दाखला मिळेल ना?"

मी म्हटलं, "मिळेल की. पण का, काय झालं?"

"शाळेचं काही नाही मॅडम. साताऱ्याला जायचा विचार चाललाय. घरी आई एकटी असते, आणि इथलं खोलीभाडं काय परवडेना. तिकडं एमआयडीसीत बघतोय काम. पण पोराचं नुकसान होईल का, तेवढं सांगा."

तेवढं सांगा! जसं काही ते उत्तर माझ्या पर्समध्येच होतं. मी म्हटलं, दोन दिवसांनी या, नीट बोलू. खरं कारण वेगळंच होतं. हाच प्रश्न दिवाळीपासून आमच्या घरात लटकलेला होता, आणि माझं सासरही साताराच आहे.

माझी शाळा हवेली तालुक्यातली, जिल्हा परिषदेची. गाव नावाला गाव, बाकी पुण्याला चिकटलेलं. डीएड करून लागले त्याला आता तेरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत वर्गात येणारी मुलं खूप पाहिली. जूनमध्ये येतात, दिवाळीनंतर येतात, उसाचा हंगाम संपल्यावर येतात. मोठ्या शहरातून लहान शहराकडे जाणारं पोर मात्र क्वचित. म्हणून ठरवलं, हा विषय वर्गातच घ्यायचा. मराठी, परिसर अभ्यास आणि गणित, तिन्ही तासिका चार दिवस एकत्र केल्या. चौथीचा वर्ग, पट ३४. कसं झालं ते सांगते. पाठ जसा ठरवला तसा झाला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पहिल्या दिवशी महाराष्ट्राचा नकाशा भिंतीला लावला आणि विचारलं, "आपलं मूळ गाव दुसरीकडे आहे असे कितीजण?" २६ हात वर. बीड, लातूर, नांदेड, सोलापूर, यवतमाळ. दोघं बिहारचे, एक उत्तर प्रदेशचा, त्यांच्यासाठी नकाशाच्या वर आणखी एक कागद चिकटवावा लागला. प्रत्येकाने आपल्या गावापासून पुण्यापर्यंत लोकरीचा दोरा लावला. अर्ध्या तासात सगळे दोरे पुण्यात येऊन गुंता झाला. 'स्थलांतर' या शब्दाचा अर्थ मी फळ्यावर लिहून आणला होता, तो सांगायची गरजच पडली नाही. एकाने सांगितलं, टेम्पोत सामान भरलं पण शेळी काकाकडे ठेवली, ती अजून तिथंच आहे. त्याच्या लेखी ते अजून पूर्ण आलेलेच नाहीत.

मग मी विचारलं, "कोणाचा दोरा इथून बाहेर जातो?" सगळे गप्प. ज्याचे वडील आले होते तो मुलगा हळूच म्हणाला, "आमचा जाणार बहुतेक." मी त्याचं नाव घेणार नव्हते. त्यानेच सांगितलं, बरं झालं.

"मोठं शहर म्हणजे काय?" या प्रश्नाला आलेली उत्तरं मी फळ्यावर तशीच लिहिली. जिथं काम मिळतं. जिथं मॉल असतो. जिथं नळाला रोज पाणी येतं (ही लातूरकडची मुलगी). जिथं पप्पा उशिरा येतात. यातल्या शेवटच्या उत्तरावर बरीच डोकी हलली.

मोठं आणि लहान हे आकड्यात दाखवायला मी २०११ च्या जनगणनेचे आकडे घेतले. पुणे महापालिकेची लोकसंख्या तेव्हा ३१ लाखांच्या वर होती, सातारा शहराची सुमारे १ लाख २० हजार. भागाकार करायला लावला. २६ सातारे ठेवले तेव्हा एक पुणे झालं. मुलं हसली, म्हणाली, "एवढुसं?" मग दुसरा भागाकार दिला. दोन हजार वस्तीचं एक गाव धरा, आता सांगा साताऱ्यात अशी किती गावं बसतील? ६०. तेव्हा सोलापूरकडचा एक मुलगा म्हणाला, "मग सातारा मोठंच आहे की!" मला हवं होतं ते त्याने सांगून टाकलं. लहान शहर हे कुठून बघता त्यावर ठरतं.

इथं कर्मवीर भाऊराव पाटलांची आठवण काढली. रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी सुरू झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला आली. तिथल्या वसतिगृहात खेड्यापाड्यातली, सगळ्या जातिधर्माची मुलं राहून शिकली. त्या मुलांना सातारा हेच मोठं शहर होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झालं, म्हणून तर आपण ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिन साजरा करतो. पण पुढे त्यांचं हायस्कूल मुंबईत झालं, एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये. हे दुसरं वाक्य आपण भाषणात गाळतो. लहान शहराचं कौतुक करताना ते गाळू नये असं मला वाटतं. साताऱ्याने सुरुवात दिली, आणि पुढचं शिक्षण मोठ्या शहरात झालं. दोन्ही गोष्टी खऱ्या.

दुसऱ्या दिवशी २४ चौकटींची पट्टी. एक चौकट म्हणजे एक तास. घरात जे मोठं माणूस कमावतं त्याचा दिवस रंगवायचा: झोप निळी, काम लाल, येणं-जाणं पिवळं, घरच्यांसोबतचा वेळ हिरवा. शिक्षकांसाठी एक सूचना. 'वडिलांचा दिवस' असं सांगू नका. माझ्या वर्गात चार मुलांच्या घरी वडील नाहीत किंवा असून नसल्यासारखे आहेत. एका मुलीने आईची पट्टी केली. आई चार घरची धुणीभांडी करते, येण्याजाण्यात पिवळा रंग जेमतेम अर्धी चौकट. पण दिवसातून दोनदा बाहेर पडावं लागतं म्हणून हिरव्या चौकटी तुटक तुटक आल्या. लांबचा प्रवास नसूनही वेळ हातात राहत नाही, हे त्या पट्टीवरून कळलं. ते मला आधी सुचलं नव्हतं.

साताऱ्याला जाणाऱ्या मुलाच्या पट्टीत अडीच चौकटी पिवळ्या. त्यावर गणित घातलं. रोज अडीच तास, महिन्यात २४ दिवस काम, तर किती? ६० तास. ६० तासांचे दिवस किती? अडीच. म्हणजे महिन्यातले अडीच दिवस आणि अडीच रात्री पप्पा नुसते गाडीवर बसलेले असतात. वर्ग एकदम शांत झाला. मी मनात म्हटलं, पाठ जमला. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "पण मॅडम, साताऱ्यात काम नाय मिळालं तर लाल चौकटीच पुसल्या जातील की." जमलेला पाठ परत उसवला. पण ती बोलली ते अगदी बरोबर होतं, म्हणून ते वाक्य फळ्यावर वरच्या बाजूला लिहून चौकट केली आणि चारही दिवस पुसलं नाही.

तिसऱ्या दिवशी पैशांचा हिशोब. आकडे मुलांना सोपे जावेत म्हणून मीच घेतलेले होते, कोणाच्या घरचे नव्हते. इथलं भाडं १४,०००, साताऱ्यात ८,०००. वाचले ६,०००. मुलं खूश. आता समजा, काम तिकडे मिळालं नाही आणि बाबा इथंच एका खोलीत वाटा घेऊन राहिले. खोलीचे ४,५००, आणि महिन्यात चार वेळा साताऱ्याला जाऊन यायचे दर खेपेला ५००, म्हणजे २,०००. बेरीज ६,५००. एक मुलगी उभीच राहिली, "मॅडम, पाचशे तर उलटे गेले!" मोठी माणसं वर्ष-वर्ष जे बोलत राहतात ते या पोरीने एका वजाबाकीत काढलं. घर हललं आणि कमावणारं माणूस मागे राहिलं, तर बचत दिसते पण राहत नाही.

नोकरदार पालकांसाठी इथं एक जोड देते. सरकारी नोकरीत घरभाडे भत्ता गावाच्या वर्गाप्रमाणे असतो. सातव्या वेतन आयोगात सुरुवातीचे दर मोठ्या, मधल्या आणि लहान गावांसाठी २४, १६ आणि ८ टक्के होते. महागाई भत्ता वाढला की दर वाढतात, २७-१८-९, मग ३०-२०-१०, पण पहिल्या आणि तिसऱ्या वर्गातला तिपटीचा फरक तसाच राहतो. मूळ वेतन ४०,००० धरलं तर २४ टक्क्यांनी ९,६०० आणि ८ टक्क्यांनी ३,२००. म्हणजे भाडं कमी झालं म्हणून हुरळून जाण्याआधी पगारातून ६,४०० कमी होतील तेही वहीत मांडा. खाजगी नोकरीत तर नव्या ठिकाणी पगाराचा आकडाच वेगळा असतो. (हे टक्के सातवीला शेकडेवारी शिकवताना वापरायला छान आहेत. चौथीला नको.)

चौथ्या दिवशी 'घरची सभा' घेतली. पाच-सहा जणांचे गट केले. भूमिका वाटल्या: आजी, वडील, आई, आठवीतली ताई आणि चौथीतला धाकटा. एक नियम घातला, की धाकटा बोलल्याशिवाय निर्णय घ्यायचा नाही. दुसरा नियम, जो खरोखर 'जायचं' म्हणतो त्याने सभेत 'जायचं नाही' ही बाजू मांडायची, आणि उलट.

काय झालं माहितीय? सहापैकी चार गटांत 'वडील' झालेल्या पोराने उठून सांगून टाकलं, "ठरलं, जायचं." आणि तीन गटांत आईला कोणी विचारलंच नाही की तुझ्या कामाचं काय. भूमिका मुलींनी केल्या होत्या तरी विचारलं नाही! 'आई' भाजी निवडायचा अभिनय करत बसली होती. मी सभा थांबवली आणि विचारलं, "ही आई शिवणकाम करते. इथं तिची तीस गिऱ्हाइकं आहेत. साताऱ्यात पहिल्या दिवशी किती असतील?" "शून्य," मुलं म्हणाली. "मग तिला विचारा."

हे मी मुलांना सांगितलं खरं, पण घरी जाताना माझ्या लक्षात आलं की आमच्याकडेही तेच झालं होतं. दिवाळीत साताऱ्याच्या घरी पहिल्या रात्री चर्चा झाली ती यांच्या कंपनीची. आठवड्यातून दोन दिवस पुण्याला यायचं आणि बाकी घरून काम, हे साहेब मान्य करतील का? दुसऱ्या दिवशी सासूबाईंचे गुडघे आणि मामंजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. माझ्या तेरा वर्षांच्या सेवेचा विषय तिसऱ्या दिवशी निघाला, तोही नणंदेने काढला म्हणून. कोणी वाईट नाही आमच्या घरात. फक्त सवय नाही.

लेखनात काय आलं त्याबद्दल थोडं सांगते, कारण पाठाचा मूळ हेतू 'मत लिहिणे' हा होता. चौथीची मुलं मत लिहितात तेव्हा 'मला आवडतं' याच्या पुढे जात नाहीत. 'कारण', 'पण' आणि 'जर-तर' हे तीन शब्द वापरलेच पाहिजेत अशी अट घातली. एकाने लिहिलं, "जर आजी पडली तर पुण्यावरून जायला रात्र होते. पण आजीला पण पुण्यात आणता येतं. कारण मग मित्र सोडायला लागत नाहीत." एवढी जागा घरात नाही हे त्याने लिहिलं नव्हतं, ते त्याच्या शेजारच्याने वाचून सांगितलं. शुद्धलेखनाच्या चुका मी त्या दिवशी काढल्या नाहीत. एका वेळी एकच गोष्ट तपासावी.

आता त्या पालकांना मी दोन दिवसांनी काय सांगितलं ते. इतर पालकांनाही उपयोग होईल.

दाखल्याची काळजी करू नका, असं पहिल्यांदा सांगितलं. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ५ प्रमाणे मूल दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाऊ शकतं, मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. पण दाखला हातात पडला की तिथंच उभं राहून वाचा. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात, आधारवरचं नाव जुळतंय का. शाळेत असताना ही दुरुस्ती करणं सोपं, एकदा गाव सोडल्यावर एका वेलांटीसाठी दोन-तीन हेलपाटे होतात. आणि कागदाचा दाखला म्हणजे सगळं झालं असं आता राहिलं नाही. ऑनलाइन नोंदीतही मूल जुन्या शाळेतून नव्या शाळेत गेलेलं दिसलं पाहिजे. नाहीतर मूल बसतं एका शाळेत आणि पट दिसतो दुसऱ्या शाळेत. नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांना पंधरा दिवसांनी विचारा, "नाव आलं का सर?"

ज्यांचं मूल २५ टक्के राखीव जागेतून खाजगी शाळेत शिकतंय, त्यांनी जरा जास्त विचार करावा. तो प्रवेश सुरुवातीच्या वर्गाला होतो. मध्येच गाव बदललं तर नव्या गावात तशीच जागा आपोआप मिळत नाही.

मग परीक्षा. शिष्यवृत्ती परीक्षेचा फॉर्म शाळेमार्फत भरला जातो. नवोदयचं तर गावाशी थेट नातं आहे. सहावीच्या प्रवेशासाठी मूल ज्या जिल्ह्यातून परीक्षा देणार त्याच जिल्ह्यात पाचवी शिकत असलं पाहिजे आणि तिथलं रहिवासी असलं पाहिजे. ग्रामीण जागांसाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. सातारा 'लहान' असलं तरी नगरपालिकेचं शहर आहे, तिथली शाळा ग्रामीणमध्ये धरली जात नाही. म्हणून या मुलाच्या वडिलांना मी म्हटलं, जायचंच असेल तर चौथीचा निकाल घेऊन जा, जूनला पाचवी तिकडे सुरू करा. दिवाळीत नको. देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्यात १९६१ मध्ये सुरू झाली, हे त्यांना माहीत होतं आणि त्यांच्या डोक्यात तेच होतं. मी म्हटलं, शाळा गावात आहे म्हणून प्रवेश सोपा होत नाही, त्याचीही प्रवेश परीक्षा देशभरात एकच आहे.

वर्षाच्या मधे आलेल्या मुलाचं काय होतं हे मी जवळून बघते, म्हणून त्यावर जास्त बोलले. पुस्तक सगळीकडे बालभारतीचं असलं तरी धडा तोच नसतो. इथं भागाकार झालेला असतो, तिकडे अपूर्णांक. सेमीचं मूल साध्या मराठीत गेलं, किंवा उलट झालं, तर गणित येत असूनही अडतं. अंश आणि छेद त्याला कळतं, पण बाईंनी न्यूमरेटर म्हटलं की ते खिडकीबाहेर बघायला लागतं. मग आपण शेरा मारतो, 'गणितात कच्चा'. तो कच्चा नसतो, त्याला शब्द माहीत नसतो. आणि बोली. दोन वर्षांपूर्वी लातूरकडून आलेली मुलगी पहिल्याच दिवशी म्हणाली, "मी लिहायलेय ना मॅडम." वर्ग हसला. पुढचे दोन महिने तिने वर्गात तोंड उघडलं नाही. चूक तिची नव्हती, माझी होती. मी त्याच क्षणी त्या शब्दाचं काहीतरी करायला हवं होतं. आता मी 'करायलाय', 'करतोय', 'करून राहिलाय' असा तक्ताच लावते आणि ज्याचा शब्द असेल त्याच्याकडून पाठ करून घेते.

ते पालक सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे जावं का नाही?" मी म्हटलं, "काम हातात पडल्यावर जा. आधी आईसाठी जाऊन बसाल आणि दोन महिन्यांनी परत याल, त्यात पोराचं वर्ष जाईल." त्यांना माझं म्हणणं थोडं कडू लागलं असावं. पण मागच्या बाकावरच्या मुलीचं वाक्य फळ्यावर तसंच होतं.

आमच्या घरचं उत्तर इतकं सरळ निघालं नाही. माझ्यासारख्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला सातारा हवा असेल तर आंतरजिल्हा बदली लागते. तिकडे जागा रिकामी हवी, बिंदूनामावलीत आपल्या प्रवर्गाची हवी. मिळाली तर नव्या जिल्ह्यात सेवाज्येष्ठता हजर झाल्या दिवसापासून धरली जाते, म्हणजे तेरा वर्षांनंतर मी यादीत सगळ्यात खाली. पदोन्नती लांबली, आणि पट कमी होऊन कोणी अतिरिक्त ठरायची वेळ आली तर पहिला नंबर खालच्याचा. शिवाय सातारा जिल्हा मिळाला म्हणजे सातारा शहर मिळालं असं थोडंच आहे? पाटण, जावळी, महाबळेश्वर, माण, कुठेही. घाटातली शाळा मिळाली तर मी सासूबाईंच्या जवळ जाण्यासाठी बदली घेऊन त्यांच्यापासून रोज तीन-चार तास लांब. इथं निदान शाळेला चालत जाते.

दिवाळीत गावाला गेलं की सगळं गोड वाटतं, म्हणून या वर्षी मे महिन्यात तीन आठवडे मुद्दाम तिथं राहिलो. पाहुण्यांसारखं राहायचं नाही असं ठरवून. बँकेत गेलो, गॅसचा नंबर लावला, सासूबाईंना दवाखान्यात नेलं, यांनी रोज आठ तास लॅपटॉप लावला. लेक तिसरीतून चौथीत गेलेली. ती तिथं एकटी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन दही घेऊन आली. पुण्यात मी तिला खालच्या गेटबाहेर सोडत नाही. त्या दह्याचं तिला इतकं अप्रूप, की संध्याकाळी परत दही हवंच असा हट्ट. पोवई नाक्यापासून घरापर्यंत येताना मामंजींना सात माणसं भेटली, सातही थांबून बोलली. यांना ते आवडलं. मला खरं सांगायचं तर पाचव्या माणसानंतर कंटाळा आला. नवीन सुनेची चौकशी बारा वर्षं झाली तरी संपत नाही.

गुडघ्यांसाठी मात्र ज्या डॉक्टरांची दुसरी तारीख घ्यायची होती ते पुण्याचेच निघाले. दोनदा वीज गेली तेव्हा यांची मीटिंग तुटली. आणि रात्री साडेनऊला सगळं सामसूम झालं की लेक विचारायची, "आता काय करायचं?" दुसऱ्या आठवड्यात तिने विचारणं बंद केलं आणि आजीबरोबर पत्ते खेळायला लागली.

त्यात तिला एक गंमत सापडली. चुलत भावाचं तिसरीचं जुनं परिसर अभ्यासाचं पुस्तक. तिसरीचं हे पुस्तक जिल्ह्याप्रमाणे वेगळं असतं हे शिक्षकांना माहीत आहे, पण तिला पहिल्यांदा कळलं. तिच्या पुस्तकात पुणे जिल्हा, याच्यात सातारा. ती रागावलीच, "मग मी शिकले ते सगळं परत शिकायचं?" तिसरीत जिल्हा बदलणाऱ्या मुलांना हे खरंच करावं लागतं, याचा विचार मी इतकी वर्षं शिक्षिका असून केला नव्हता.

परत आल्यावर वर्गातल्या सारखीच सभा घरी घेतली. लेक बोलल्याशिवाय निर्णय नाही, हा नियम तिनेच आठवण करून दिला. दोन गोष्टी ठरल्या. पुढच्या फेरीत मी बदलीचा अर्ज भरायचा. आणि लेक सहावीत जायच्या आत आदेश आला तरच जायचं, नंतर आला तर तिची दहावी होईपर्यंत विषय काढायचा नाही. तोपर्यंत हे महिन्यातून एक आठवडा तिथून काम करणार. साहेबांनी तेवढं मान्य केलंय. मामंजी म्हणाले, "म्हणजे ठरलं काहीच नाही." यांनी म्हटलं, "तारीख ठरली ना, अण्णा." ज्येष्ठतेचं मला अजून वाईट वाटतंच. ते वाटू नये असं कोणी सांगितलं तर मला राग येतो.

त्या मुलाच्या वडिलांना एप्रिलमध्ये काम मिळालं. पगार इथल्यापेक्षा कमी. निकालाच्या दिवशी दाखला नेला, मी सांगितल्याप्रमाणे व्हरांड्यातच उभं राहून वाचला, आणि आईच्या नावातली चूक खरंच सापडली. लगेच दुरुस्त करून दिली. जुलैमध्ये मुलाचा फोन आला. नव्या शाळेत मैदान मोठं आहे, शाळेत चालत जातो, आजी डबा आणून देते, सगळी पोरं 'व्हय' म्हणतात. "तू काय म्हणतोस?" मी विचारलं. "मी पण व्हयच म्हणतो मॅडम," म्हणाला. मग मधेच विचारलं, "माझा दोरा लावला का?" नकाशा नव्या वर्गासाठी काढून गुंडाळून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी परत लावला आणि पुण्याहून साताऱ्याकडे एक हिरवा दोरा जोडला. नव्या चौथीतली मुलं विचारतात, हा एकच उलटा का?

ज्या शिक्षक भगिनी-बांधवांनी आंतरजिल्हा बदली घेतली आहे त्यांना एक विचारायचं आहे. पहिल्या वर्षी शाळा लांबच्या तालुक्यात मिळाली असेल, तर स्वतःच्या मुलांची शाळा कुठे ठेवली, आपल्याजवळ की आजी-आजोबांकडे शहरात? अर्ज भरण्याआधी मला तेवढं समजून घ्यायचं आहे.